सांगलीच्या गणपती पेठेतून विश्रामबागला : ऑफिस हलवल्यानंतरचा पहिला महिना

टेम्पो रिकामा झाला, टेबलं लागली, नारळ फुटला, पेढे वाटले की मालकाच्या दृष्टीने ऑफिस हललेलं असतं. हललेलं असतं ते सामान. प्रिंटर कुणाच्याच कॉम्प्युटरवर दिसत नाही, कुरिअरवाला अजून जुन्या जिन्यावर घंटी वाजवतोय आणि तासगावहून येणारा क्लार्क रोज वीस मिनिटं उशिरा पोचतोय, असा पुढचा महिना जातो. तो लांबू नये म्हणून काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने, ते इथे दिलं आहे.

सांगलीत पेठेतलं ऑफिस विश्रामबाग, विजयनगर किंवा कुपवाड रोडकडे नेण्याची कारणं बहुधा दोनच असतात : पार्किंग आणि पूर. 2005, 2019 आणि 2021 ही तीन सालं पेठेत कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. त्यात कलेक्टर ऑफिस आणि जिल्हा न्यायालय दोन्ही विजयनगरला आहेत, त्यामुळे वकील आणि कर सल्लागारांचे पायही तिकडेच वळतात. खालचे सगळे आकडे 15 ते 20 माणसांच्या, हजार-बाराशे चौरस फुटांच्या ऑफिससाठी धरले आहेत. म्हणजे हिशेब, विमा, एजन्सी, सल्लागार अशा धर्तीचं काम. मोठ्या कारखान्याच्या ऑफिसला त्यातलं थोडं कमी-जास्त करून घ्यावं.

किल्ली हातात आली त्या दिवशी

सामान येण्याआधी रिकाम्या जागेत तासभर फिरा. हातात मास्किंग टेप, मोजपट्टी, टेस्टर आणि मोबाईल चार्जर असू द्या. प्रत्येक सॉकेटमध्ये चार्जर लावून बघा. चालत नाही त्यावर टेपचा तुकडा चिकटवा. सगळे नळ एकदम सोडा आणि पाणी किती वेगाने निचरतं ते पाहा. मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. असाच फोटो जुन्या जागेचा ताबा देतानाही काढायचा आहे आणि ताबा दिल्याची चिठ्ठी जागामालकाच्या सहीनिशी घ्यायची आहे. डिपॉझिट अडकतं ते बहुतेक वेळा या दोन कागदांवाचून.

कुलपं बदला. आधीच्या भाडेकरूकडे, रंगाऱ्याकडे, सुताराकडे किती किल्ल्या गेल्या ते जागामालकालाही आठवत नसतं. नव्या किल्ल्यांचे तीन जोड पुरतात : एक उघडणाऱ्याकडे, एक ऑफिसच्या मालकाकडे, तिसरा ऑफिसच्या बाहेर कुणा विश्वासू माणसाच्या घरी.

ब्रॉडबँडचा अर्ज मात्र किमान पंधरा दिवस आधी गेलेला हवा. ‘त्याच कंपनीचं कनेक्शन आहे, नुसतं शिफ्ट करायचंय’ म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि नव्या इमारतीपर्यंत फायबर आलेलीच नाही हे टेम्पो दारात उभा असताना कळतं. तोवर काम चालवायला मोबाईलच्या नेटचा एक डोंगल, जमल्यास दुसऱ्या कंपनीचा, हाताशी ठेवा.

वीज : इथे घाई केली की महिनाभर भोगावं लागतं

आधी बिल बघा. विश्रामबागच्या बंगल्यांत आणि फ्लॅटमध्ये अनेक ऑफिसं थाटली जातात, पण मीटर घरगुतीच राहतो. घरगुती दराच्या मीटरवर ऑफिस चालवणं म्हणजे वीज कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापर, आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. जागामालक ‘चालतंय हो’ म्हणाला तरी महावितरणकडे वापराचा प्रकार बदलण्याचा अर्ज आधी द्या. जुनी थकबाकी आहे का तेही तेव्हाच विचारून घ्या.

मग भार मोजा. अंदाजे बोलू नका, कागदावर मांडा. बारा डेस्कटॉप प्रत्येकी 120 वॅट धरले तर साधारण दीड किलोवॅट. सहा लॅपटॉप, 400 वॅट. दीड टनाचे तीन एसी, पावणेपाच किलोवॅट. जुन्या पद्धतीचे दहा पंखे 75 वॅटप्रमाणे 750, सोळा एलईडी पट्ट्या 320. दोन लेझर प्रिंटर तापताना क्षणभर प्रत्येकी हजार वॅट ओढतात. चहाची किटली दीड हजार, आणि कॅमेरे, राउटर, वॉटर प्युरिफायर मिळून दोनशे. बेरीज साडेअकरा किलोवॅटच्या आसपास जाते. सगळं एकदम चालत नाही हे खरं, तरीही एप्रिलच्या दुपारी तीन वाजता आठ-नऊ किलोवॅट सहज लागतात. म्हणून सिंगल फेज मीटरवर असं ऑफिस बसवू नये. थ्री फेज घ्या, दहा किलोवॅटचा मंजूर भार मागा आणि तीन एसी तीन वेगळ्या फेजवर टाकायला सांगा.

इलेक्ट्रिशियनला पैसे देण्यापूर्वी त्याच्यासमोरच मल्टिमीटरने तीन मोजमापं घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण 230 व्होल्ट, फेज आणि अर्थिंगमध्येही तितकेच, आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये 3 व्होल्टच्या आत. तिसरा आकडा दहाच्या पुढे दिसला तर अर्थिंग नावापुरतं आहे किंवा न्यूट्रल सैल आहे. थ्री फेजच्या पॅनलमध्ये सैल न्यूट्रलसारखा दुसरा शत्रू नाही. तो सुटला की एखाद्या सॉकेटमध्ये 230 ऐवजी 400 च्या जवळ व्होल्ट येऊ शकतात आणि एका सकाळी पाच-सहा कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय एकदम जळतात. पॅनलमधले सगळे न्यूट्रल स्क्रू पुन्हा आवळून घेणं हे दहा मिनिटांचं काम आहे. ते एकदा पहिल्या दिवशी आणि एकदा महिन्याने करून घ्या, कारण तांब्याची तार तापून-निवून थोडी ढिली होते.

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत अर्थिंगची एक गंमत आहे. पावसाळ्यात ते अगदी छान लागतं आणि उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडल्या की पाइपाभोवतीची माती सुटते. जून ते डिसेंबरमध्ये घेतलेल्या मोजमापावर विसंबून राहू नका. मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा मोजा आणि अर्थिंगच्या खड्ड्यात दर आठ-पंधरा दिवसांनी बादलीभर पाणी ओता. रोध 5 ओहमच्या आत असावा.

तारांच्या जाडीवर काटकसर करू नका : दिव्यांना 1.5, सॉकेटला 2.5, एसीला 4 चौरस मिलिमीटर. सॉकेटच्या सर्किटवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, हवाच. तो वारंवार पडत असेल तर त्याला दोष देऊन काढून टाकू नका, पडण्याचं कारण शोधा. किटली किंवा वॉटर प्युरिफायर निघतो, नाहीतर ओलसर भिंतीतला जोड.

लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. ही चूक प्रत्येक नव्या ऑफिसात होते, कारण टेबलाजवळचं मोकळं सॉकेट नेमकं यूपीएसचं असतं. प्रिंटर तापायला लागला की यूपीएस ओव्हरलोड होऊन बंद पडतो आणि शेजारच्या तिघांचं न साठवलेलं काम जातं. यूपीएसच्या सॉकेटवर लाल टेप लावा आणि ‘फक्त कॉम्प्युटर’ असं लिहा. हलवताना यूपीएस आणि इन्व्हर्टर बंद राहिलेले असतात, म्हणून आठ-दहा तास चार्ज झाल्याशिवाय त्यांच्या भरवशावर काम करू नका. 150 अँपिअर-तासाची एक बॅटरी 400 वॅटच्या भारावर तीन तासांच्या आसपास चालते. जुनी असेल तर त्याच्या निम्मंच.

एसी जुन्या जागेतून काढून आणले असतील तर पहिल्या आठवड्यातल्या तक्रारी आधीच सांगता येतात. गॅस कमी झाला असेल तर नटाचा जोड नीट बसलेला नाही, साबणाचा फेस लावून बघा. भिंतीवरून पाणी ओघळत असेल तर ड्रेनच्या पाइपाचा उतार उलटा पडलाय. ते पाणी खालच्या दुकानदाराच्या फलकावर पडण्याआधी दुरुस्त करा, नाहीतर शेजाऱ्याशी पहिली ओळख भांडणातून होते.

नेट, प्रिंटर, टॅली

नेट आलं तरी प्रिंटर ‘ऑफलाइन’, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन गप्प, हिशेबाच्या टॅलीचा सर्व्हर सापडत नाही. सोमवारी सकाळी हे तिन्ही एकदम घडलं की बहुतेक वेळा कारण एकच निघतं. जुना राउटर मशीनना 192.168.1 च्या मालिकेत नेटवर्कचे (आयपी) पत्ते देत होता, नव्या कंपनीचा राउटर 192.168.0 किंवा 192.168.29 च्या मालिकेत देतो. प्रिंटर आणि बायोमेट्रिकचा पत्ता आधीच पक्का केलेला असतो, तो जुन्या मालिकेत अडकून पडतो. एकेक मशीन उघडून पत्ता बदलत बसण्यापेक्षा नव्या राउटरचाच आतला पत्ता 192.168.1.1 करा. सगळी उपकरणं आपोआप जागेवर येतात. डीएचसीपीची, म्हणजे राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांची, मर्यादा शेवटच्या आकड्यात 100 ते 200 ठेवा आणि 2 ते 50 हे पत्ते प्रिंटर, सर्व्हर, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर, बायोमेट्रिक यांच्यासाठी राखा. कुणाला कोणता दिला ते एका कागदावर लिहून राउटरच्या बाजूला चिकटवा. हा कागद पुढच्या पाच वर्षांत कुणाचा तरी अख्खा दिवस वाचवतो.

टॅली एकाहून जास्त मशीनवर चालत असेल तर लायसन्स ज्या मशीनवर आहे तिचं नाव किंवा पत्ता बाकीच्या मशीनमध्ये बरोबर आहे का ते बघा. 9999 हा पोर्ट फायरवॉलने अडवलेला नाही याची खात्री करा. नवा राउटर लागल्यावर विंडोज नेटवर्कला ‘पब्लिक’ समजतं आणि शेअर केलेली फोल्डर बंद करतं. प्रत्येक मशीनवर ते ‘प्रायव्हेट’ करा. डेटाचा बॅकअप टेम्पोत ठेवून आणू नका. दोन हार्ड डिस्क दोन वेगवेगळ्या माणसांच्या पिशवीत येऊ द्या.

नेटचं वायरिंग नव्याने करत असाल तर कॅट 6 केबल घ्या आणि प्रत्येक टेबलाला दोन पॉइंट द्या. एक पुरतो असं वाटतं, पण दुसरा वर्षभरात लागतोच. केबल विजेच्या तारेपासून फूटभर लांब न्या, एकाच पाइपात कोंबू नका. दोन्ही टोकांना तोच नंबर चिकटवा. केबल टेस्टरवर आठही दिवे लागल्याशिवाय काम पूर्ण झालं म्हणू नका. सात दिवे लागले तरी नेट चालतं, फक्त गिगाबिटऐवजी शंभर मेगाबिटने, आणि ‘नवीन जागेत सगळं स्लो झालंय’ ही तक्रार तिथून जन्मते. वाय-फायसाठी राउटर कपाटात किंवा पत्र्याच्या फाइल रॅकमागे ठेवू नका. केबिनची काच 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल बऱ्यापैकी जाऊ देते, जाड विटांची भिंत देत नाही.

कोणी कुठे बसायचं

इथे खरी कसोटी. जागा वाटताना पद बघू नका, काम कोणत्या वाटेने फिरतं ते बघा. कागद दारातून आत येतो, आवक नोंद होते, हिशेबाकडे जातो, तपासणाऱ्याकडे जातो, सही होते, प्रिंट होऊन पुन्हा दारातून बाहेर जातो. ही वाट फरशीवर टेपने आखून बघा. ती स्वतःलाच तीनदा ओलांडत असेल तर मांडणी चुकली. आवक-जावकची व्यक्ती दारापासून दहा पावलांत, हिशेबाची माणसं आत आणि शांत कोपऱ्यात, प्रिंटर मधोमध. साहेबांना खिडकीची खोली आणि दिवसभर स्क्रीन बघणाऱ्या चार जणांना अंधारी भिंत, ही आपल्याकडची रीत आहे. ती मोडायची मुभा मालकालाच असते, तेव्हा हा परिच्छेद त्यांनाच वाचायला द्या.

मापं अशी : टेबलाची उंची 75 सेंटिमीटर. खुर्चीमागे तीन फूट मोकळे, आणि मागून ये-जा असेल तर चार. टेबल खिडकीला आडवं लावा, म्हणजे उजेड बाजूने येईल. खिडकी समोर असली तर डोळे दिपतात, पाठीमागे असली तर स्क्रीनवर चमक येते. पश्चिमेची खिडकी सांगलीच्या मार्च-मेमध्ये दुपारी दोननंतर भट्टी होते. तिथे आधी पडदा, मग माणूस. टेबलावर 300 ते 500 लक्स उजेड असावा. मोबाईलवर लक्स मोजण्याची ॲप असतात, ती थोडी चुकतात, पण कोणता कोपरा मागे पडलाय तेवढं कळतं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. स्टँड नसेल तर न उघडलेली ए-फोरची रिमं खाली घाला, एक रीम पाच सेंटिमीटर उचलते. ज्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत त्यांना रिमांचं एक भरलेलं खोकं पायाखाली द्या, महागडा फूटरेस्ट पुढे केव्हाही आणता येतो.

एसीच्या थेट खाली बसणारा माणूस पहिल्या आठवड्यात डोकं दुखतंय म्हणेल. झडप वर करा, तापमान 25-26 वर ठेवा आणि पंखे मंद चालू ठेवा. नव्या रंगाचा आणि प्लायवूडच्या गोंदाचा वास दोन आठवडे राहतो. सकाळी पहिला अर्धा तास एसी बंद, खिडक्या सताड उघड्या. घुमणारा आवाज ही नव्या हॉलची आणखी एक खोड. गुळगुळीत फरशी, काच आणि रिकाम्या भिंती असल्या की एकाचा फोन सगळ्यांना ऐकू येतो. जाड पडदे आणि भरलेली फाइल रॅक एका भिंतीला लावली की निम्मा घुमारा जातो.

बसण्याच्या जागा दोन आठवडे कच्च्या आहेत असं पहिल्याच दिवशी जाहीर करा. त्या काळात अदलाबदल मागता येईल. नंतर एका शनिवारी सगळे बदल एकदम करा आणि विषय मिटवा. रोज एक टेबल सरकत राहिलं तर कुणाचंच बस्तान बसत नाही.

फायली : आणलेल्यापैकी निम्म्या नको होत्या

रॅकमध्ये भरण्याआधी चाळणी लावा. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने ठेवावी लागतात, कंपनी कायद्याखाली हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं. वाद किंवा अपील चालू असलेलं प्रकरण कधीच टाकायचं नाही. मालमत्तेचे, भागीदारीचे, कर्मचाऱ्यांच्या पीएफचे मूळ कागद वेगळ्या कपाटात ठेवा. उरलेलं रद्दीला, पण फाडून. ग्राहकाचा पॅन आणि आधार शेंगदाण्याच्या पुड्यांवर फिरू नये.

वजनाचा विचार फार कमी लोक करतात. ए-फोरची एक रीम 2.3 किलोची. सहा फुटी, पाच खणांची रॅक गच्च भरली की दीडशे-दोनशे किलो सहज भरते, आणि ती उभी असते जेमतेम साडेचार चौरस फुटांवर. राहत्या घराचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण 200 किलोचा भार धरून बांधलेला असतो, फाइलींच्या खोलीसाठी हाच आकडा 500 आहे. फ्लॅटमध्ये ऑफिस असेल तर रॅका हॉलच्या मधोमध ओळीने उभ्या करू नका, तुळईच्या वर आणि भिंतींच्या कडेने विभागून ठेवा. भिंतीपासून तीन इंच सोडा म्हणजे वाळवी लागली तर दिसेल. सर्वांत खालचा खण जमिनीपासून फूटभर वर हवा. विश्रामबागला पूर येत नसला तरी फुटलेला पाइप कुठेही येतो.

सर्व्हर आणि पॅनलजवळ कार्बन डायऑक्साइडचं, बाकी हॉलमध्ये एबीसी पावडरचं अग्निशामक सिलिंडर लावा आणि सगळ्यांनी ते एकदा हातात घेऊन पिन कुठे आहे ते बघावं. पडद्यामागे लपवलेलं सिलिंडर असून नसल्यासारखं.

पत्ता बदलणं : क्रम चुकला की सगळं अडतं

पहिला कागद म्हणजे नोंदणी केलेला भाडेकरार. नोटरीचा करार महाराष्ट्रात पुरत नाही. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. त्याच्या जोडीला जागामालकाचं लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती. अर्ज फेटाळला जाण्याचं सर्वांत जास्त दिसणारं कारण इथेच असतं : करार मुलाच्या नावाने, लाइट बिल अजून वडिलांच्या नावावर. करार करण्याआधीच दोन्ही नावं ताडून बघा. जुळत नसतील तर घरपट्टीची पावती चालते का बघा किंवा मालकाला बिलावरचं नाव बदलून घ्यायला लावा.

हे हातात आलं की जीएसटी. मुख्य जागेचा पत्ता बदलला की 15 दिवसांच्या आत आरईजी-14 हा बदलाचा अर्ज भरायचा. हा बदल अधिकाऱ्याच्या मंजुरीने होतो. शंका आली तर नोटीस येते आणि उत्तराला कामकाजाचे सात दिवस मिळतात. ती ईमेलवर येते आणि हलवाहलवीच्या गडबडीत नेमकी तीच वाचायची राहते, तेव्हा एका माणसाने रोज पोर्टल उघडून बघायचं ठरवा. मंजुरीनंतर नवं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावा आणि दारावरच्या फलकावर जीएसटी क्रमांक लिहा. दोन्ही नियमाने बंधनकारक आहेत. ई-वे बिल करत असाल तर त्या पोर्टलवर नवी माहिती ओढून घ्या, नाहीतर बिलावर जुनाच पिन कोड छापून येत राहतो.

कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव आणि 30 दिवसांत कंपनी निबंधकाकडे आयएनसी-22 हा पत्ता बदलाचा फॉर्म. त्यानंतर शॉप ॲक्ट, व्यवसाय कर, पीएफ, ईएसआयसी, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी), टॅन (टीडीएसचा क्रमांक) आणि बँक. बँक शेवटी घेतली तरी चालते, पण चेकबुक मागवण्याआधी. नवं चेकबुक जुन्या पत्त्यावर जाऊन परत जातं.

फलक मराठीत, देवनागरीत, आणि मराठी अक्षरं बाकी लिपीपेक्षा लहान नकोत. बनवणाऱ्याला हे आधी सांगा. जोडीला नवे शिक्के, लेटरहेड आणि बिलबुक. बिलावर पत्ता असावाच लागतो; जुनी बिलबुकं पेनाने खाडाखोड करून वापरण्यापेक्षा पत्त्याचा एक रबरी शिक्का करून घ्या.

पिन कोड बारकाईने बघा. सांगली शहराचा 416416, विश्रामबागचा 416415. एकाच आकड्याचा फरक असल्याने लोक सवयीने जुना लिहितात आणि टपाल उलट्या पोस्टात फिरतं. जुन्या भागाच्या पोस्टात पत्ता बदलाचा अर्ज द्या, नेहमीच्या कुरिअरवाल्या पोरांना नव्या जागेचं लोकेशन पाठवा आणि जुन्या जागेखालच्या दुकानात एक चिठ्ठी चिकटवून ठेवा. गूगल मॅपवर नवं खातं उघडू नका. जुन्याच व्यवसाय खात्यात पत्ता बदला, म्हणजे लोकांचे अभिप्राय टिकतात. पिन अचूक दारावर आणून ठेवा. शंभर फुटी रोडवर एक गल्ली चुकली तरी ग्राहक फोन करतो.

येणं-जाणं, पाणी, चहा

पेठेतलं ऑफिस एस.टी. स्टँडपासून चालत जाण्यासारखं होतं. तासगाव, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), जयसिंगपूरहून येणारे उतरून दहा मिनिटांत टेबलावर असत. आता त्यांना पुढे तीन-चार किलोमीटर सिटी बस, रिक्षा किंवा वडाप (शेअर गाडी) बघायचंय. मिरजेकडून येणाऱ्यांचं मात्र जवळ झालं. प्रत्येकाचा नवा वेळ लिहून घ्या. पहिला महिना हजेरीत पंधरा मिनिटांची सवलत द्या आणि पुढे ज्यांची एस.टी. बसत नाही त्यांच्यासाठी साडेनऊऐवजी दहाची वेळ कायम करता येते का बघा. संध्याकाळच्या परतीच्या गाडीची वेळ जास्त महत्त्वाची, कारण ती चुकली तर पुढची तासाने असते. दुचाकीला साडेसहा बाय तीन फूट जागा लागते. पंधरा गाड्यांची जागा मोजून पांढरे पट्टे मारून घ्या, सोसायटीच्या सेक्रेटरीशी त्याच दिवशी बोला.

वापराचं पाणी माणशी दिवसाला 45 लिटर धरतात, म्हणजे वीस जणांना 900. इमारतीची टाकी सगळ्यांत मिळून असेल तर तुमच्या वाट्याला तेवढं येतं का ते विचारा. रिकाम्या पडलेल्या जागेची टाकी आणि पाइप धुऊन घेतल्याशिवाय प्युरिफायर जोडू नका, गाळाने त्याची काडतुसं आठवड्यात बाद होतात. पिण्यासाठी 20 लिटरचे दोन जार उन्हाळ्यात एका दिवसाला लागतात.

चहावाला पहिल्याच दिवशी ठरवा. सकाळी अकरा, दुपारी चार, किती कप, हिशेब आठवड्याला की महिन्याला. हे ठरलं नाही तर रोज दोन माणसं ‘जरा चहा घेऊन येतो’ म्हणून अर्धा तास बाहेर राहतात. आणि खाण्याची जागा टेबलापासून वेगळी करा. सांगलीत चारला भडंग निघणारच. त्याचं तेल आणि चुरमुऱ्याचा भुगा कीबोर्डमध्ये गेला की बटणं अडकायला लागतात.

तक्रारींची वही

दारापाशी शंभर पानी वही दोरीने बांधून ठेवा. तारीख, वेळ, टेबल क्रमांक, काय बिघडलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार घेऊ नका, ती शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली जाते. रोज संध्याकाळी एका माणसाने वही वाचायची आणि वीज, नेट, पाणी, सुतारकाम असं खूण करून ठेवायचं. इलेक्ट्रिशियनला एकेका सॉकेटसाठी बोलावू नका, दर तीन दिवसांनी यादी देऊन बोलवा. आग, धक्का किंवा पाण्याची गळती असेल तर मात्र लगेच.

वेळेचा रकाना विसरू नका. ‘नेट जातं’ यातून काही कळत नाही. ‘रोज सव्वाअकराला जातं’ यातून कळतं, कारण त्याच वेळी किटली लागते आणि राउटरला वीज त्याच एक्स्टेंशनमधून जात असते.

तिसऱ्या आठवड्यात न उघडलेली खोकी मोजा. प्रत्येकावर एक नाव आणि एक तारीख लिहा. त्या तारखेपर्यंत उघडलं नाही तर ते त्या माणसासमोर रिकामं करायचं.

पावसाळ्याआधी एकदा

मे संपण्याआधी गच्चीवरच्या पाणी जाण्याच्या जाळ्या साफ करून घ्या आणि खिडक्यांच्या चौकटीवर बादलीने पाणी मारून बघा. आत ओल दिसली तर मालकाला तेव्हाच कळवा, जुलैत सुतार मिळत नाही.

जागा उंचावर आली म्हणजे पुराशी संबंध संपला असं समजू नका. कर्मचारी अजून गावभागात, सांगलीवाडीत, शामरावनगरात राहतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आतापासूनच ठरवून ठेवा : 40 ला नदीकाठच्या कर्मचाऱ्यांना घरची आवराआवर करायला सुट्टी, 45 ला नदीपलीकडच्या, ईश्वरपूर बाजूच्यांनी निघायचं नाही, आणि ज्यांच्या घरात पाणी येतं त्यांची कागदपत्रं ठेवायला ऑफिसातलं एक कपाट मोकळं. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.